कुटुंबवैद्य आणि चुकांची नोंद : प्रस्तावना

वैद्यकीय चुकांविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जे विपुल लेखन झाले आहे, त्यातील बहुतांश रुग्णालयांविषयी आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटात राहून गेलेला कापसाचा बोळा, उजव्याऐवजी डाव्या अवयवावर चाललेली सुरी, एकाच्या नावाचे रक्त दुसऱ्याला चढवले जाणे, या घटना डोळ्यांत भरणाऱ्या असतात. त्यांचा गवगवा होतो, चौकशी बसते, जबाब नोंदवले जातात, आणि त्या दप्तरातून का होईना, पुढच्यांसाठी काही ज्ञान मागे उरते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या ज्या अहवालाने, वैद्यकीय चुकांमुळे दर वर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मृत्युमुखी पडत असावीत असा अंदाज वर्तवून, १९९९ मध्ये त्या देशात खळबळ उडवून दिली, त्यातील हिशेबही रुग्णालयांतील मृत्यूंचाच होता. परंतु माणूस आजारी पडतो तेव्हा तो प्रथम रुग्णालयाची पायरी चढत नाही. बाहेर चपलांचा ढीग आणि आत दोन बाकडी असलेल्या, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या दवाखान्यात तो जातो, जेथे बसलेल्या डॉक्टरांनी त्याच्या आजोबांचा दमा वर्षानुवर्षे सांभाळलेला असतो आणि त्याला स्वतःला गोवर आला तेव्हा रात्री घरी येऊन ताप पाहिलेला असतो. या दवाखान्यात होणाऱ्या चुका, त्यांच्याकडे पाहण्याची कुटुंबवैद्याची दृष्टी, आणि त्या कोणाला तरी सांगून त्यांतून शिकण्याची त्याची तयारी, हा पुढील पानांचा विषय आहे. आणि तो मराठी वाचकापुढे सविस्तर मांडण्याची निकड मला मनापासून वाटते, म्हणूनच ही प्रस्तावना प्रस्तावनेच्या रूढ मर्यादेबाहेर थोडी लांबली आहे.

प्रथम एका अडचणीचा विचार केला पाहिजे. रुग्णालयातील तज्ज्ञापुढे रोग बहुधा नाव घेऊन येतो. कुटुंबवैद्यापुढे तो अनाम येतो. श्रावणातल्या एखाद्या संध्याकाळी, पहिल्याच दिवशीचा ताप, अंगदुखी आणि किंचित डोकेदुखी घेऊन जो मनुष्य समोर बसतो, त्याच्या ठिकाणी साधा पडसेताप आहे, की हिवताप, डेंग्यू, विषमज्वर अथवा लेप्टोस्पायरोसिस यांपैकी काही आहे, हे त्या घटकेला ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि म्हणून ‘दोन गोळ्या घ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा’ असे जेव्हा डॉक्टर सांगतात, तेव्हा ते टाळाटाळ करीत नसून काळाचा एका तपासणीसारखा उपयोग करीत असतात. तिसऱ्या दिवशी रोगाचे नाव कळले म्हणजे पहिल्या दिवशीचे अज्ञान हा अपराध ठरत नाही. फल कळल्यावर मागे वळून पाहणाऱ्या माणसाला सर्व वाटा सरळ आणि सर्व खुणा ठळक दिसतात, हा मनुष्यबुद्धीचा दोष फार जुना आहे, आणि या व्यवसायाइतका तो कोठेच अन्यायकारक होत नाही. त्यामुळे ‘चूक कशाला म्हणावयाचे?’ असा प्रश्न कुटुंबवैद्य विचारतो तेव्हा ती पळवाट असते असे समजण्याचे कारण नाही. तो प्रामाणिक प्रश्न असतो आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

परंतु त्या प्रश्नाच्या आड कितीतरी निःसंशय चुका दडून राहतात, हेही तितकेच खरे. लहान मुलांच्या तापासाठी दिले जाणारे पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीतही मिळते आणि सिरपच्या बाटलीतही मिळते. थेंबांच्या औषधात सामान्यतः दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपमध्ये ते दर मिलिलिटरला अवघे २५ मिलिग्रॅम भरते. म्हणजे चिठ्ठीवर नुसते औषधाचे नाव आणि ‘पाच मिली’ एवढेच लिहिले गेले, आणि दुकानदाराने थेंबांची बाटली पुढे केली, तर त्या बालकाच्या पोटात चौपट औषध जाते, आणि यात कोणीही बेपर्वाई केलेली नसते. सांधेवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी घरातील म्हातारी रोज घेत राहते, कारण तिला सर्व गोळ्या रोजच घेण्याची सवय असते. तोंड आतून सोलवटते, रक्तातील पेशी घटतात, आणि प्रकरण जिवावर बेतते. मधुमेही माणसाच्या पोटाच्या वरच्या भागातील जळजळीवर ॲसिडिटीचे औषध दिले जाते आणि ईसीजी काढण्याचे राहून जाते. दीर्घ खोकल्यावर एकामागून एक प्रतिजैविके दिली जातात, त्यांत फ्लुरोक्विनोलोन वर्गातील औषध असले तर क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, रुग्णाला बरे वाटते, त्याला बरे वाटल्याने डॉक्टरांनाही समाधान वाटते, आणि क्षयाचे निदान आणखी दोन-चार आठवडे मागे पडते. लॅबमधून आलेला रिपोर्ट टेबलावरील इतर कागदांत मिसळतो आणि त्यातील तो एक आकडा कोणाच्याच नजरेस पडत नाही. या चुका मोठ्या विद्येच्या अभावी होत नाहीत. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, बाहेर अजून बारा माणसे बसलेली असतात, कंपाउंडर रजेवर असतो, आणि एका मिनिटापूर्वी कोणाचा तरी फोन येऊन गेलेला असतो. अशा घटकेला त्या होतात.

आता या चुकांचे पुढे काय होते ते पाहावे. ज्या रुग्णाचे दुखणे हाताबाहेर गेले, त्याचे नातलग त्याला मोठ्या रुग्णालयात नेतात. तेथील तज्ज्ञ रोग ओळखतात, उपचार करतात. रुग्ण वाचतो किंवा वाचत नाही. पण ज्या डॉक्टरांनी त्याला चार दिवस आधी पाहिले होते, त्यांना यातले काही कळवण्याची रीत आपल्याकडे जवळजवळ नाही. रेफरची चिठ्ठी जाते, तिचे उत्तर येत नाही. वाचलेला रुग्ण बहुधा दवाखाना बदलतो, आणि दवाखाना बदलणारा मनुष्य कारण सांगून जात नाही. रस्त्यात भेटलाच तर संकोचाने नमस्कार करतो. त्यामुळे आपल्या हातून काय घडले याची वार्ता डॉक्टरांच्या कानी आलीच, तर ती एखाद्या शेजाऱ्याच्या बोलण्यातून, औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, किंवा लग्नाच्या पंगतीत, अर्धवट आणि विकृत रूपात येते. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंती यांवर चर्चा करणाऱ्या बैठका नियमित भरतात. त्यांत कितीही औपचारिकता शिरली असली तरी तरुण डॉक्टराला तेथे एवढे तरी दिसते की त्याचे गुरुजनही चुकतात आणि चुकल्यावर उभे राहून बोलतात. पदवी घेऊन जो तालुक्याच्या गावी किंवा उपनगरात दवाखाना थाटतो, त्याचा या शाळेशी संबंध त्या दिवशी तुटतो. आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो आपल्या चुकांचा एकटाच साक्षीदार, एकटाच फिर्यादी आणि एकटाच न्यायाधीश असतो. एवढ्या तीन भूमिका एका माणसाने पार पाडावयाच्या म्हटल्यावर तो एक तर स्वतःला फार सहज निर्दोष सोडतो, नाही तर फार कठोर शिक्षा करतो. शिकण्यासाठी लागणारी मधली, शांत वृत्ती त्याच्या वाट्याला क्वचित येते.

या एकाकीपणात आपल्या समाजाच्या श्रद्धेनेही भर घातली आहे. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे आपण म्हणतो, आणि ते केवळ कौतुक म्हणून म्हणत नाही, तर मनापासून मानतो. या श्रद्धेचे मोल मी कमी लेखीत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला त्या हाताच्या स्पर्शानेच निम्मा धीर येतो. परंतु गुण जर ज्ञानात, पद्धतीत आणि तपासणीत न मानता हातात मानला, तर अवगुणही हातातच मानावा लागतो. आणि मग झालेली चूक ही एका चिठ्ठीची, एका बाटलीची किंवा एका हरवलेल्या कागदाची न राहता त्या पुरुषाच्या अथवा स्त्रीच्या संपूर्ण व्यक्तित्वाची ठरते. ज्याची सगळी कमाई एका मोहल्ल्यातील नावावर अवलंबून आहे, ज्याची मुले त्याच गावच्या शाळेत शिकतात आणि ज्याचा बैठकीचा मान त्याच नावाने टिकतो, त्याला चूक सांगणे म्हणजे आपल्या अस्तित्वाचा पाया स्वतः उकरणे वाटते. डॉक्टरमंडळी आपसांत बोलतात तेव्हाची भाषा ऐकण्याजोगी असते : ‘रिॲक्शन आली’, ‘केस हातातून गेली’, ‘तेवढे मिस झाले’. या सर्व वाक्यांत क्रिया आहे, कर्ता नाही. मी याला दांभिकपणा म्हणणार नाही. कर्ता उच्चारला तर त्याचे पुढे काय होईल हे ठाऊक नसलेल्या माणसाची ती सावधगिरी आहे.

कर्ता उच्चारणारे एक उदाहरण मात्र या विषयाच्या इतिहासात आहे, आणि ते एका कुटुंबवैद्याचेच आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका दूरच्या लहान गावी व्यवसाय करणारे डॉ. डेव्हिड हिल्फिकर यांनी १९८४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आपल्या चुकांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे येणाऱ्या, जिचे पहिले बाळंतपण त्यांनीच केले होते अशा एका स्त्रीला पुन्हा दिवस गेल्यासारखे वाटत होते, परंतु लघवीची तपासणी अनेक वेळा करूनही ती गर्भ नसल्याचेच दाखवीत होती. सोनोग्राफीची सोय ११० मैलांवरच्या शहरात होती आणि खर्चाची होती. तेव्हा त्या कुटुंबाचा खर्च वाचवावा या हेतूने ती न करता, गर्भ आतच मृत झाला असावा अशा समजुतीने त्यांनी गर्भाशय रिकामे केले, आणि ते करीत असतानाच त्यांच्या ध्यानात आले की गर्भ जिवंत होता. त्या दांपत्याला त्यांनी घडलेली हकीकत सांगितली, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. पण आपल्या मनाची जी तडफड होत होती ती त्यांना सांगितली नाही, आणि क्षमाही मागितली नाही, असे ते स्वतःच पुढे लिहितात. हा लेख मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा मला त्यातील चुकीहून या शेवटच्या कबुलीचे महत्त्व अधिक वाटते. सत्य सांगण्याइतके धैर्य असलेल्या माणसालाही क्षमा मागण्याची वाट सापडली नाही, कारण त्याच्या व्यवसायाने तशी वाट बांधलेलीच नव्हती.

अशी वाट थोडीशी जरी मोकळी केली तर काय दिसते, याचाही एक दाखला अमेरिकेतूनच मिळतो. तेथील ४२ कुटुंबवैद्यांना आपल्या व्यवहारात घडलेल्या चुका, नाव न सांगता, कळवण्यास सांगण्यात आले. त्यांनी ३४४ अहवाल पाठवले, आणि २००२ मध्ये त्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे ८३ टक्के चुका दवाखान्याच्या कारभारातील, म्हणजे कागद, निरोप, औषधाची चिठ्ठी, तपासणीचा निकाल आणि रुग्णाची वेळ यांच्या व्यवस्थेतील होत्या. डॉक्टरांचे ज्ञान किंवा कौशल्य अपुरे पडल्यामुळे झालेल्या चुका सुमारे १३ टक्केच होत्या. हे आकडे आपल्याकडे तसेच लागू पडतील असा आग्रह मी धरणार नाही. आपल्याकडील दवाखान्यांची घडण निराळी आहे, आणि चूक स्वतःच सांगावयाची असली की मनुष्य ज्ञानाच्या उणिवेपेक्षा कारभाराची उणीव अधिक मोकळेपणाने सांगतो, हीही शंका घ्यावयास जागा आहे. तरीसुद्धा या आकड्यांतील मुख्य बोध टिकतो. ज्या गोष्टीला डॉक्टर आयुष्यभर आपल्या बुद्धीचा पराभव समजून लपवीत आला, ती पुष्कळदा त्याच्या टेबलाची, फडताळाची आणि खिडकीची गोष्ट असते. आणि टेबल, फडताळ व खिडकी बदलता येतात.

मग तो सांगत का नाही? याचे उत्तर शोधताना कायद्याकडे वळणे भाग आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यास आणण्यात आले, तेथील उपचारांत तो दगावला, आणि वडिलांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६८ मध्ये निकालात निघाला. नुकसानभरपाई ३,००० रुपयांची होती, परंतु वैद्याने रुग्ण स्वीकारताना, उपचार ठरवताना आणि ते करताना कोणती काळजी घेतली पाहिजे, याची या निकालात झालेली मांडणी पुढे देशभर आधारभूत ठरली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. २००५ मध्ये, फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असला पाहिजे आणि दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे विश्वसनीय मत असल्याशिवाय खाजगी फिर्याद दाखल करून घेऊ नये, असे सांगून डॉक्टरांना काहीसे संरक्षण दिले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, वैद्यकीय उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हे सर्व असावयास हवे असेच माझे मत आहे. ज्याचा मुलगा गेला त्याला दाद मागण्याची जागा नसावी, असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. परंतु न्यायालयाचे काम इन्साफ करणे हे आहे, शिकवणे हे नाही. पंधरा वर्षांनी आलेला निकाल दोषाची मोजणी करून देतो, पण त्या पंधरा वर्षांत तीच चूक किती ठिकाणी झाली हे त्याला विचारताही येत नाही. त्यातच नातलगांच्या जमावाने दवाखाना फोडण्याचे प्रकार इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या डॉक्टराच्या डोळ्यांपुढे एका बाजूला समन्स आणि दुसऱ्या बाजूला फुटलेल्या काचा आहेत, त्याला ‘आपली चूक लिहून द्या, इतरांना उपयोग होईल’ असे सांगणाऱ्याने प्रथम हे सांगितले पाहिजे की तो कागद कोणाच्या हाती जाणार आहे.

याच प्रश्नाचे उत्तर विमानविद्येने वैद्यकाच्या फार आधी शोधले, आणि ते ज्या प्रसंगातून शोधले तो प्रसंग प्रत्येक डॉक्टरने जाणून घ्यावा असा आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरू पाहत असता, नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ निराळा घेऊन वेळेआधी खाली आले आणि व्हर्जिनियातील एका डोंगरावर आदळून त्यातील सर्व ९२ माणसे मरण पावली. चौकशीत निघाले ते असे की जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच ठिकाणी, तोच गैरसमज करून घेतला होता आणि तो डोंगर थोडक्यात चुकवला होता. त्या वैमानिकांनी हे आपल्या कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. परंतु दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला ते कळण्याचा मार्गच नव्हता. यावर सरकारी हवाई खात्याने चुका कळवण्याची योजना काढली, पण परवाना रद्द करण्याचा अधिकार ज्याच्या हाती त्याच खात्याला आपली चूक कोण कळवणार? म्हणून १९७६ मध्ये ते काम नासाकडे सोपवण्यात आले, जिला वैमानिकाला दंड करण्याचा कसलाही अधिकार नव्हता. दहा दिवसांच्या मुदतीत चूक कळवावी, ती हेतुपुरस्सर किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाची नसावी. नासा नाव काढून टाकील, कारवाई झालीच तर दंड माफ होईल, आणि कळलेला धडा सर्व कंपन्यांना पाठवला जाईल. या व्यवस्थेतील तंत्राचा भाग फार थोडा आहे. ऐकणाऱ्याच्या हातातून छडी काढून घेतली, एवढेच तिचे मर्म. आणि मला या संपूर्ण विषयात सांगावयाचे असेल तर हेच सांगावयाचे आहे की चूक शिकवू लागते ती कबुलीमुळे नव्हे, तर शिक्षा करू न शकणाऱ्या जाणत्या माणसापर्यंत पोचून ती धडा होऊन परत येते तेव्हा.

यातील परत येण्याचा भाग विसरला की काय होते, ते इंग्लंडने दाखवले. तेथे २००३ पासून राष्ट्रीय नोंदव्यवस्था उभी राहिली आणि तिच्याकडे वर्षाला लक्षावधी अहवाल येऊ लागले. पण त्या देशातील रुग्णांची बहुतेक ये-जा कुटुंबवैद्यांकडेच होत असूनही, त्यांच्याकडून येणाऱ्या अहवालांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहिले. रुग्णालयाच्या सोयीने आखलेले लांबलचक पत्रक, भरण्यास नसलेला वेळ, आणि पाठवल्यानंतर कधीही न येणारे उत्तर. या तिन्हींत शेवटचे मला सर्वांत घातक वाटते. पत्रपेटीत टाकलेल्या पत्राला वर्षानुवर्षे उत्तर आले नाही म्हणजे मनुष्य पत्र लिहिणे सोडतो. त्याच इंग्लंडात कुटुंबवैद्यांच्या स्वतःच्या लहान गटांत, एकेक महत्त्वाची घटना घेऊन ‘काय घडले, का घडले, आपण काय बदलणार’ असा विचार करण्याची जी पद्धत १९९० नंतरच्या दशकात माईक प्रिंगल आदी डॉक्टरांनी रुजवली, ती मात्र कितीतरी अधिक जीव धरून राहिली, कारण तेथे बोलणाऱ्याला त्याच दुपारी उत्तर मिळत होते. डेन्मार्कने कायद्याचा मार्ग घेतला. १ जानेवारी २००४ पासून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना चुका कळवणे बंधनकारक करताना, अशा कळवण्यावरून कळवणाऱ्यावर शिस्तभंगाची, देखरेखीची किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, हे त्याच कायद्यात लिहून ठेवले. आणि सप्टेंबर २०१० मध्ये ती व्यवस्था कुटुंबवैद्यांपर्यंत विस्तारली. तक्रारीचा मार्ग वेगळा ठेवला, तो बंद केला नाही. रुग्णाची दाद आणि डॉक्टरचे शिक्षण यांची दप्तरे निराळी असू शकतात, हे या लहानशा देशाने कायद्याच्या भाषेत सांगितले, याचे मला विशेष वाटते.

आपल्याकडे असे काहीच नाही, असे मानून हात झटकण्याची सवय मला मान्य नाही. २०१० मध्ये भारतात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याचे मध्यवर्ती केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे आले. त्याचे जे पत्रक डॉक्टरांनी भरावयाचे असते, त्यावरच रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाईल, आणि अहवाल पाठवला म्हणजे डॉक्टरामुळे, औषध बनवणाऱ्यामुळे किंवा औषधामुळे ती प्रतिक्रिया झाली अशी कबुली दिली असे होत नाही, असा स्पष्ट मजकूर छापलेला असतो. म्हणजे शिक्षेवाचून ऐकण्याचे तत्त्व आपल्या सरकारी दप्तरात आधीच मान्य झालेले आहे. मात्र ते औषधाच्या दोषापुरते आहे, औषध देणाऱ्या हाताच्या दोषापर्यंत ते पोचलेले नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने रुग्णसुरक्षेचा जो राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यातही चुका कळवण्याच्या व्यवस्थेचा विचार आहे, परंतु एकट्या डॉक्टराच्या दवाखान्यापर्यंत तो विचार उतरण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे. चूक कळवणाऱ्याला कारवाईपासून संरक्षण देणारा कायदा डेन्मार्कसारखा आपल्याकडे होईपर्यंत डॉक्टरने स्वस्थ बसावे काय? मला तसे वाटत नाही. तालुक्यातील सहा-सात डॉक्टरांनी महिन्यातून एकदा, रुग्णाचे नाव, गाव आणि तारीख वगळून, एकेक घटना सांगावयास बसणे, यासाठी कोणाच्या हुकमाची गरज नाही. त्या बैठकीत वय, पदवी आणि प्रॅक्टिसचा आकार बाहेर ठेवावा लागेल, आणि सर्वांत ज्येष्ठाने प्रथम बोलावे लागेल. ज्येष्ठ गप्प राहिले तर धाकटे कधीच बोलणार नाहीत. शक्य असेल तेथे कंपाउंडर, सिस्टर आणि औषधाचा दुकानदार यांनाही बोलवावे. चौपट औषधाची ती बाटली देताना पहिली शंका बहुधा त्यांच्याच मनात येते, आणि ‘साहेबांनी लिहिले आहे’ म्हणून ती तेथेच जिरते.

याबरोबरच तज्ज्ञांवरही एक कर्तव्य येते, आणि त्याचा उच्चार मी मुद्दाम करतो. रुग्णालयातील कन्सल्टंट जेव्हा नातलगांसमोर आधीच्या डॉक्टरांचा केसपेपर पाहून भुवया चढवतो, किंवा ‘चार दिवस आधी का नाही आणले?’ असे मोठ्याने विचारतो, तेव्हा त्या एका वाक्याने एक फिर्याद तयार होते आणि एक शिकवण मरते. तेच वाक्य त्याने दवाखान्यातील डॉक्टराला दोन ओळींच्या पत्राने, निदान कोणते निघाले आणि कोणत्या खुणेवरून निघाले एवढे सांगून कळवले असते, तर पुढच्या पावसाळ्यात तसाच दुसरा रुग्ण दोन दिवस आधी पोचला असता. हे पत्र लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. एवढ्या स्वस्त आणि एवढ्या दुर्मीळ औषधाचे उदाहरण वैद्यकात दुसरे नसावे.

शेवटी रुग्णाचा प्रश्न उरतो, आणि तो वास्तविक पहिला आहे. डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी बोलताना ज्याच्या शरीरावर ते शिक्षण घडले त्याला विसरणे, हा या विषयावरील पुष्कळ लेखनाचा दोष आहे. इंग्लंडमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डॉक्टरांविरुद्ध दावे लावणाऱ्या २२७ रुग्णांना व नातलगांना त्यांची कारणे विचारण्यात आली, तेव्हा नुकसानभरपाईच्या जोडीने तीन गोष्टी पुढे आल्या : काय घडले ते कोणी तरी नीट समजावून सांगावे, ज्याची जबाबदारी त्याने ती घ्यावी, आणि असे पुन्हा दुसऱ्या कोणाला होऊ नये. यांतील पहिली गोष्ट तर डॉक्टराला कोणत्याही न्यायालयावाचून देता येते. दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे, असे इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यात लिहिले गेले. आपल्याकडे असा स्पष्ट शब्द कायद्यात येईल तेव्हा येवो, परंतु ज्या घरी तीस वर्षे चहा घेतला त्या घरी जाऊन, ‘त्या दिवशी मी ईसीजी काढावयास हवा होता’ असे सांगणारे डॉक्टर आजही आहेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना ‘डॉक्टर, बसा’ म्हटल्याच्या हकीकती डॉक्टरांच्याच तोंडून ऐकावयास मिळतात. अशा प्रत्येक भेटीचा शेवट असाच होतो असे मी म्हणणार नाही. काही दारे बंद होतात, आणि तो त्या घराचा अधिकार आहे. डेन्मार्कने २०११ पासून चुका कळवण्याचा मार्ग रुग्णांना आणि त्यांच्या आप्तांनाही खुला केला. आपल्याकडेही औषधाच्या दुष्परिणामांची माहिती रुग्णाने स्वतः कळवावी यासाठी प्रादेशिक भाषांतील पत्रक उपलब्ध आहे. तसेच एक पानाचे, सोप्या मराठीतील पत्रक दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी ठेवता येईल, आणि त्यात ‘तुमची तक्रार काय आहे?’ असे न विचारता, ‘येथून गेल्यावर तुमचे काय झाले, ते डॉक्टरांना कळावे असे तुम्हाला वाटते काय?’ एवढेच विचारलेले असावे. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या रुग्णांपैकी किती जण त्याचे उत्तर लिहितील, हे ज्या डॉक्टराने ते पत्रक ठेवून पाहिले त्यालाच सांगता येईल.